दरवर्षी गणपतीत सुटणारं धावणं: उद्दिष्ट कुठे चुकतं?

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३९. राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टात. दोन शाळकरी मुलं, घरी सासूबाई. गेली तीन वर्षं दर जुलैत ठरवते की जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन अडीच तासांत पुरी करायची. नेटवरून वेळापत्रक उतरवून घेते, बूट घेते, मैत्रिणींच्या ग्रुपवर जाहीर करते. सहा-सात आठवडे जोरात जातात. गणपतीत सुटतं. दिवाळीनंतर वाटतं, आता काय उपयोग. सध्या ५ किलोमीटरला ४२ मिनिटं लागतात. माझ्यात जिद्दच कमी आहे का? मोटिवेशन टिकवायचं कसं? यंदा नाव नोंदवू का?"

जिद्दीचा प्रश्न आधीच निकालात काढते. सकाळी साडेपाचला उठून, डबे भरून, डोंबिवलीच्या फलाटावरून सकाळच्या फास्टमध्ये स्वतःला कोंबणाऱ्या आणि संध्याकाळी तेच उलट दिशेने करणाऱ्या बाईची जिद्द मोजायला मी बसणार नाही. मी ठाण्यात बरीच वर्षं नवशिक्यांना धावायला शिकवते. त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका तुमच्यासारख्याच लोकलने ये-जा करणाऱ्या. ज्या टिकल्या त्या इतरांपेक्षा जास्त जिद्दी होत्या असं मला कधी दिसलं नाही.

तुमच्या प्रश्नात मला दुसरंच काहीतरी दिसलं. तीनही वर्षं धावणं सुटलंय ते एकाच ठिकाणी. आळस असता तर कधी ऑगस्टमध्ये सुटलं असतं, कधी नोव्हेंबरात. दरवर्षी त्याच वळणावर गाडी अडत असेल तर ड्रायव्हर बदलण्याआधी वळण बघावं. तुम्ही उतरवून घेता ते वेळापत्रक ज्या कुणासाठी लिहिलंय, त्याच्याकडे गणपती येत नाहीत. त्याच्याकडे चातुर्मास नाही, नवरात्राचे उपास नाहीत, ऑक्टोबरची होरपळ नाही आणि दिवाळीचा फराळ त्याला करायचा नसतो. आठवड्यातून चार धावा, दर रविवारी अंतर थोडं वाढवायचं, सगळे आठवडे एकसारखे. कागदावर फार छान दिसतं.

उद्दिष्ट ठरवताना आपण नकळत आपला उत्तम आठवडा डोळ्यांसमोर धरतो. मुलं बरी आहेत, ऑफिसात शांतता आहे, झोप झाली आहे. मी उलट करायला लावते. येत्या सहा महिन्यांतला सगळ्यात वाईट आठवडा कोणता असेल ते आधी शोधा आणि त्या आठवड्यात तुमच्याच्याने जेवढं होईल तेवढं उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवा. त्याहून जास्त होईल ते चांगलंच, पण ते उद्दिष्टात धरायचं नाही. हे ऐकायला फार मिळमिळीत वाटतं, मला ठाऊक आहे. पहिल्यांदा ऐकताना बहुतेकजणी नाक मुरडतात.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तुमच्या उद्दिष्टातला अडीच तास हा आकडा मला कुठून आला ते कळेना. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७ किलोमीटर. अडीच तासांत ती संपवायची तर दर किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ७ सेकंद. तुम्ही ५ किलोमीटर ४२ मिनिटांत धावता, म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं २४ सेकंद. हाच वेग अगदी शेवटपर्यंत टिकला तरी हाफला २ तास ५७ मिनिटं लागतील. आणि टिकत नाही. अंतर चौपट झालं की वेग थोडा पडतोच. शिवाय मुंबईच्या मार्गावर पेडर रोडचा चढ येतो तो शर्यतीच्या उत्तरार्धात, पाय आधीच बोलायला लागलेले असताना. सहा महिने नीट सराव झाला तर तीन ते सव्वातीन तास हे तुमचं प्रामाणिक अनुमान. अडीच तास दोन वर्षांनी बोलू.

यात निराश होण्यासारखं काही नाही, पण हा हिशेब आधी मांडला नाही की काय होतं बघा. जुलैतल्या पहिल्याच रविवारी तुम्ही घड्याळ बघता आणि किलोमीटरला ८ मिनिटं ३० सेकंद दिसतात. पुढच्या रविवारी ८.२५. हवे असतात ७.०७. म्हणजे दर रविवारी तुम्ही धावून येता आणि घरी नापास होऊन परतता. असं किती दिवस कुणी करेल? मग त्या ७.०७ च्या मागे लागून रोज धापा टाकत पळायचं, आणि नडगी दुखवून घ्यायची. नवशिक्यांसाठी माझी एकच कसोटी आहे: धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम लागला तर वेग कमी करा, गरज पडली तर चाला. चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं करून हाफ पुरी करणाऱ्या पुष्कळजणी आहेत आणि त्यांना मिळणारं मेडल तेच असतं.

म्हणून वेळेचं उद्दिष्ट तूर्तास काढून टाका. शर्यतीचं अंतर ही दिशा म्हणून राहू दे. रोजच्या व्यवहारात मोजायचं ते फक्त आठवड्याचं काम.

भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि जेवणाच्या टेबलावर पसरा. हे फोनवर करू नका, सहा पानं एकदम दिसली पाहिजेत. जुलैपासून जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे मुंबई मॅरेथॉनच्या नेहमीच्या दिवसापर्यंत, साधारण २८ आठवडे भरतात. आता लाल पेनने खोडायला घ्या. गणपती: तुमच्याकडे दीड दिवसाचा असो की पाच दिवसांचा, आधीची साफसफाई, मोदक, पाहुणे आणि नंतरची आवराआवर धरून दोन आठवडे गेले. गौरी असतील तर गेलेच. नवरात्र: नऊ दिवस उपास करत असाल तर लांब अंतर धावायचं नाही, एवढं माझं ऐका, साबुदाण्याच्या खिचडीवर १२ किलोमीटर ओढण्यात कसलंही पुण्य नाही. मुलांची सहामाही परीक्षा. दिवाळी: फराळाचा आठवडा आणि दिवाळीचा आठवडा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, त्यात जवळच्या नात्यातलं एखादं कार्य. ऑफिसातली तिमाहीअखेर. आणि कुणीतरी एकदा तापाने झोपणार, हे महिना न लिहिता धरून ठेवा.

हे खोडून झालं की उरतात साधारण १६-१७ चांगले आठवडे. हा तुमचा खरा हंगाम. वेळापत्रकाने २८ गृहीत धरले होते, म्हणून गणपतीत तुम्ही "मागे" पडायचात. प्रत्यक्षात मागे पडण्यासारखं काही नव्हतंच, ते आठवडे तुमच्या हातात कधीच नव्हते. लांब पल्ल्याचे रविवार या मोकळ्या आठवड्यांत बसवा. पितृपक्षात घरी कार्यं नसतील तर तो पंधरवडा उत्तम, कुणी कुठे बोलावत नाही. दिवाळीनंतर उकाडा कमी होतो, तेव्हा अंतर वाढवायचं. ऑक्टोबरमध्ये मात्र वेग आपोआप मंदावतो, मुंबईच्या दमटपणात घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. तेव्हा जुलैपेक्षा हळू पळालात म्हणून डोक्याला हात लावू नका.

आणि लाल खोडलेल्या आठवड्यांचं काय? तिथेच तर सगळा खेळ आहे. त्या आठवड्यांसाठी किमान ठरवायचं: आठवड्यातून दोनदा, २० मिनिटं. धावणं, भराभर चालणं, काहीही चालेल, बूट पायात पाहिजेत. गौरीजेवणाच्या आदल्या दिवशीसुद्धा बाजारातून फुलं आणायला जाताना २० मिनिटं निघतात. शरीराच्या हिशेबाने या ४० मिनिटांनी फार काही वाढत नाही, पण असलेलं फारसं घटतही नाही. आणि मुख्य म्हणजे दोन आठवड्यांनी तुम्ही "पुन्हा सुरू" करत नाही, तुम्ही चालूच असता. ज्यांना ज्यांना मी सुटताना पाहिलंय, त्यातल्या बहुतेकींना धावणं जड गेलं नव्हतं. खंडानंतरचा पहिला दिवस जड गेला होता.

कालनिर्णयच्या त्याच पानावर दुधाचे खाडे लिहिता ना? तिथेच धावण्याचेही खाडे लिहा. मुद्दाम खाडे म्हणते, धावा नाही. फोनमधली ॲपं चढत जाणारे आलेख दाखवतात आणि एक दिवस चुकला की साखळी तुटल्याची सूचना पाठवतात. ती सूचना फार घातक. दुधाच्या हिशेबात आपण खाड्याचं दुःख करत बसत नाही, महिनाअखेरीला वजा करतो. महिन्याला आठ ठरले होते, दोन खाडे, सहा झाले. विषय संपला.

हा नुसता माझा अनुभव नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी सवय लावायला सांगून बारा आठवडे नोंदी घेतल्या होत्या. २०१० मध्ये तो अभ्यास छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांतला फरक प्रचंड निघाला, १८ पासून ते थेट २५४ दिवसांपर्यंतचा अंदाज. तेव्हा "२१ दिवसांत सवय लागते" असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते सोडून द्या. त्या अभ्यासातली मला जास्त कामाची वाटणारी गोष्ट पुढची: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. एक दिवस चुकतो त्याने काही बिघडत नाही. "आता चुकलंच आहे तर सोमवारपासून बघू" हा जो विचार त्यानंतर येतो, तो आठवडे खातो.

म्हणून खाड्यानंतरचा नियम आधीच ठरवून ठेवा. चुकलेली धाव भरून काढायची नाही, ती गेली. एक आठवडा पूर्ण गेला तर त्याआधीच्या आठवड्याचं अंतर पुन्हा करायचं. दोन-तीन आठवडे गेले तर शेवटच्या लांब धावेच्या निम्म्यापासून सुरू. ताप येऊन गेला असेल, डेंगी-बिंगी असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बूट कपाटात.

आता सहाव्या-सातव्या आठवड्याबद्दल. तुम्ही म्हणता तोवर जोरात चालतं. याला शरीराचं एक साधं कारण आहे आणि ते माहीत नसल्यामुळे माणसं स्वतःला बोल लावतात. धावायला लागल्यावर पहिल्या दोन-चार आठवड्यांत रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, दम कमी लागतो. दर आठवड्याला फरक दिसतो म्हणून उत्साह असतो. मग हा पहिला फायदा संपतो. पुढची वाढ हळू होते, दिसत नाही. त्याच सुमारास पाय कुरकुरायला लागतात, कारण नडगीचं हाड आणि टाचेमागचा जाड स्नायुबंध यांना जुळवून घ्यायला आठवडे नाही, महिने लागतात. दम आहे म्हणून तुम्ही अंतर वाढवता, हाडं म्हणतात थांब. म्हणजे प्रगती दिसेनाशी होणं आणि दुखायला लागणं हे एकदम येतं, आणि वरून पाऊस. उत्साह टिकला तर नवल!

त्यामुळे सातव्या आठवड्यात उत्साह नसेल, हे आजच धरून चालायचं. उत्साह असताना व्यवस्था लावून घ्यायची आणि तो गेला की व्यवस्थेवर चालायचं. व्यवस्था म्हणजे काय, ते तुमच्याच दिवसावर दाखवते.

तुम्ही घरी पोचता रात्री आठ-सव्वाआठला. "घरी जाऊन कपडे बदलून धावायला जाईन" हे ज्याने ठरवलं त्याने तुमचं घर पाहिलेलं नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की गृहपाठ, कुकर, सासूबाईंच्या गोळ्या. पण तुमचं ऑफिस फोर्टात आहे! लोक ज्या मरीन ड्राइव्हवर धावायला लांबून गाडी करून येतात, ती तुमच्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. बूट आणि एक जोडी कपडे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. बुधवारी सहाला सुटल्यावर ऑफिसच्याच वॉशरूममध्ये कपडे बदलायचे, २५-३० मिनिटं मरीन ड्राइव्ह, परत येऊन तोंड धुऊन सीएसएमटी. घरी तासभर उशीर, तो आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात बूट भिजतातच. त्याचंही सांगून ठेवते: आतले तळवे काढा, वर्तमानपत्राचे बोळे अगदी पुढे बोटांपर्यंत कोंबा, तासाभराने ओले बोळे बदला, पुन्हा एकदा बदला आणि बूट पंख्याखाली आडवे ठेवा. उन्हात किंवा गिझरच्या पाइपवर नको, तळव्याचा गोंद सुटतो. सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. ओले बूट हे न जाण्याचं अतिशय सोयीचं कारण आहे, म्हणून एवढं लिहिलं.

ठरवताना "बुधवारी धावीन" असं ठरवू नका. "बुधवारी सहाला लॅपटॉप बंद केला की ड्रॉवर उघडून बूट काढीन" असं ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये हा मुद्दा मांडला, आणि नंतर कितीतरी जणांनी तो तपासला: कधी, कुठे, कसं हे आधी बांधून ठेवलेला निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा पार पडतो. यात अडचणींचंही आधीच बांधून ठेवता येतं. बुधवारी बॉसने मीटिंग लावली, तर गुरुवारी. गुरुवारीही लावली, तर शनिवारी सकाळी घराजवळच, एमआयडीसीतल्या रस्त्यांवर. रविवारी धो धो पाऊस असेल, तर इमारतीचे जिने २० मिनिटं. ही दोन-चार वाक्यं कागदावर लिहा. ऐन वेळी दमलेल्या डोक्याला काहीही ठरवायला लावायचं नाही.

घरच्यांचा पाठिंबा हा शब्दप्रयोग मला फारसा आवडत नाही. मिस्टर म्हणतात, "अगं कर ना, मी कुठे नको म्हणतोय," आणि रविवारी सकाळी सात वाजता विचारतात, "चहाचं काय?" त्यांच्याकडे पाठिंबा मागू नका, काम मागा. रविवारी सकाळी साडेपाच ते साडेआठ घर त्यांचं: दूध घेणं, चहा, सासूबाईंचा नाश्ता, मुलांना उठवणं. बुधवारी रात्रीचा कुकर त्यांचा. बाकी कशात फरक नाही. हे एकदा स्पष्ट बोलून घ्या आणि त्या तीन तासांत फोन करून डबा कुठल्या कपाटात आहे ते सांगत बसू नका. पोहे थोडे कोरडे होतील. होऊ देत.

ग्रुपवर जाहीर करणं यंदा टाळा. चाळीस अंगठे आणि "यू गो गर्ल" आलं की काम निम्मं झाल्यासारखं वाटतं, आणि सुटलं की त्या चाळीसजणींना तोंड दाखवायची चोरी. एकच बाई शोधा, तुमच्याच वेगाची, रविवारी पहाटे नाक्यावर उभी राहणारी. ती उभी आहे एवढ्यासाठी माणूस अंथरूण सोडतो. शिवाय अंधारात एकटीने पळण्यापेक्षा दोघी असलेल्या केव्हाही बऱ्या.

एक गोष्ट उद्दिष्टांच्या गप्पांमध्ये कुणी काढत नाही, ती आता. तुम्हाला जे "मन लागत नाही" वाटतं ते कदाचित रक्तातलं असेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. पाय जड, चिडचिड, जिना चढताना धाप. बाई म्हणते, मी आळशी झाले. सुरुवात करण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. काही कमी निघालं तर डॉक्टरांकडून गोळ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. आणि झोप! रात्री बाराला आडवं होऊन पहाटे पाचला धावायला जाणं ही शिस्त नव्हे, दुखापतीला आमंत्रण आहे. रविवारी पाचला उठायचं तर शनिवारी रात्री दहाला दिवा बंद, मालिका राहू द्या.

धावपटू अविनाश साबळेचे रील तुम्हालाही येत असतील, पाठीमागे ढोल-ताशे लावलेले. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. रील बघून अंगावर काटा येतो आणि दुसऱ्या दिवशी ओसरतो. त्यापेक्षा त्याचे आकडे वाचा. ३००० मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे वाटेतले अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून गोपाल सैनींच्या नावावर होता, ८ मिनिटं ३०.८८ सेकंद. २०१८ मध्ये साबळेने तो मोडला तो ८:२९.८० अशी वेळ देऊन, म्हणजे जेमतेम एका सेकंदाने. मग २०१९ मध्ये दोह्याला ८:२१.३७. टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, आणि तरी अंतिम फेरी हुकली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ८:११.२०, राष्ट्रकुलचं रौप्य, सुवर्ण ०.०५ सेकंदाने गेलं. २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८:०९.९१. सहा वर्षांत अवघे वीस सेकंद. जगातल्या उत्तम प्रशिक्षकांच्या हाताखाली, पूर्णवेळ हेच करणाऱ्या माणसाचे. तुम्ही स्वतःकडून एका जुलैत किलोमीटरमागे सव्वा मिनिट मागत होतात.

नाव नोंदवायचं का, याचं उत्तर देताना ललिता बाबरची आठवण येते. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली, २०१४ पर्यंत. कुणीही म्हणालं असतं, आता हेच धर. ती वळली ३००० मीटर स्टीपलचेसकडे आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषांनंतर ३२ वर्षांनी भारतीय बाई ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत दिसली. जमत असलेलं अंतर सोडून दुसरं धरणं तिला कमीपणाचं वाटलं नाही. तेव्हा तुम्हीही तीन वर्षं तीच शर्यत, तेच अंतर धरून बसण्याचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर यंदा मुंबईला १० किलोमीटरसाठी नाव द्या. जागा लवकर भरतात, म्हणून नोंदणी उघडल्यावर रेंगाळू नका. १६-१७ आठवड्यांत ५ वरून १० वर जाणं तुम्हाला आरामात झेपेल, आणि गणपती-दिवाळी धरून झेपेल. हाफचा हट्टच असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत १४ किलोमीटर बोलत-चालत पुरे झाले का, ते बघा. झाले असतील तर फेब्रुवारीत आसपासच्या शहरांत हाफ शर्यती असतातच, त्यातली एखादी गाठा. तोवर थंडीही असते. झाले नसतील तर पुढच्या वर्षी. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन मात्र पहिली हाफ म्हणून घेऊ नका. यवतेश्वरचा घाट फार सुंदर आहे, फोटो फार छान येतात आणि चढ फार लांब आहे.

सरावात कधी थांबायचं तेही माहीत असू द्या. दोन्ही पोटऱ्या, मांड्या दुखणं हे चालायचंच, दोन दिवसांत जातं. पण नडगीवर किंवा पावलावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, धावताना वाढत असेल, लंगडायला होत असेल, तर त्याच दिवशी थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. छातीत दडपण, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांना तर वाट बघायचीच नाही.

शेवटचं, शर्यतीनंतरच्या दिवसांबद्दल, कारण ते तुम्ही विचारलं नाहीत आणि तिथे दुसरी घसरगुंडी असते. मेडल मिळतं, फोटो टाकून होतात आणि मंगळवारपासून एकदम रितं वाटतं. उठायचं कशासाठी? त्या भरात लगेच पुढच्या मोठ्या शर्यतीची नोंदणी करू नका. आठ-दहा दिवस धावूच नका, झोपा, चाला, घरच्यांना सिनेमाला घेऊन जा. मग पुन्हा आठवड्यातून दोनदा २० मिनिटांवर या आणि महिनाभर तिथेच राहा, घड्याळ न लावता. मार्चमध्ये ऊन चढायला लागतं, मुलांच्या परीक्षा येतात, ऑफिसात आर्थिक वर्षाची अखेर असते. पुढचं काय ते गुढीपाडवा झाल्यावर, नवं पंचांग आलं की ठरवा, आणि तेव्हाही लाल पेन आधी घ्या.